‘ल्यू’ आणि ‘व्ह्यू’

गेल्या श्रावणात कोकणात उतरण्याच्या बेताने आम्ही कोल्हापुराहून निघालो आणि गगनबावड्यास अडकून पडलो. कोल्हापुरापासून हे गाव अवघे ५५ किलोमीटर; परंतु कळे गाव मागे पडले की पाऊस निराळा, वारा निराळा, आणि बावडा जवळ आला की ढग रस्त्यावरच उतरलेले. साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस जास्तीत जास्त पडावयाचा तो याच तालुक्यात. करूळच्या घाटात दरड आली असून वाहने सोडीत नाहीत, असे मोटारतळावर कळले, तेव्हा आम्हांस वाईट वाटण्याऐवजी बरेच वाटले. कारण आमचे वडील चुलतबंधू तेथेच राहतात, आणि गेल्या चैत्रात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांची भेट आम्ही आज-उद्या करीत लांबवीत आलो होतो.

दादांची प्रकृती अपेक्षेहून बरी दिसली. उजवा हात अद्याप उचलत नाही, शब्द एकेक करून येतात. पण बुद्धी पूर्वीइतकीच लख्ख. आयुष्यभर त्यांनी मुलांना इंग्रजी शिकविले आणि तेही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या पद्धतीने, म्हणजे इंग्रजी वाक्याचे मराठी व मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घेऊन. रात्रीचे जेवण आटोपले, वीज गेलेली होती, वहिनींनी कंदील आणून ठेवला; आणि त्यांची मुलगी, आमची पुतणी, हातात काही कागद घेऊन पुढे आली. “काका, तुम्ही मासिकात भाषेवर लिहिता, तर माझी चूक कोठे झाली तेवढे सांगा,” असे म्हणून तिने ते कागद आमच्यापुढे ठेवले. आमच्या या सदरात शब्दांच्या चुकांविषयी आम्ही पुष्कळ वेळा लिहिले आहे. परंतु एका शब्दाची किंमत रुपयांत मोजलेली आम्ही त्या रात्री प्रथमच पाहिली.

हकीकत अशी. मुलगी पुण्यास एका खासगी कंपनीत नोकरीस होती. वडिलांच्या झटक्याची वार्ता येताच ती धावत आली आणि पंधरा दिवसांत तिच्या ध्यानात आले की, वहिनी एकट्या हे निभावू शकणार नाहीत. घरात दुसरे अपत्य नाही. तिने नोकरी सोडण्याचे ठरविले. नेमणुकीच्या पत्रात एक कलम होते : उभयतांपैकी कोणासही साठ दिवसांची नोटीस देऊन, ‘ऑर सॅलरी इन ल्यू देअरऑफ’, हा करार संपविता येईल. मुलीने या शब्दांचा अर्थ असा लाविला की, नोटीस दिली म्हणजे तिच्या अनुषंगाने साठ दिवसांचे वेतन मिळते. ते वेतन औषधोपचारास उपयोगी पडेल असा हिशेबही तिने मनाशी केला. मग तिने ई-मेलने राजीनामा पाठविला. त्याचे पहिलेच वाक्य असे : ‘इन ल्यू ऑफ माय फादर्स इलनेस, काइंडली रिलीव्ह मी विथ इमीजिएट इफेक्ट.’

आठ दिवसांत उत्तर आले. राजीनामा मान्य, मात्र नोटिशीची मुदत पाळली नसल्याने साठ दिवसांचे वेतन तिच्याकडून येणे निघते. चालू महिन्याचे वेतन त्यापोटी अडकवून ठेवले आहे, उरलेल्या रकमेचा भरणा केल्यावर अनुभवाचा दाखला मिळेल. जे साठ दिवस तिने जमेच्या बाजूस मांडले होते, ते खर्चाच्या बाजूस निघाले. कंपनीवर आमचा रोष नाही. तिने कलमाप्रमाणेच लिहिले. परंतु कागद वाचून आम्ही मान वर केली तेव्हा वहिनींनी पदराने डोळे पुसल्याचे आम्हांस दिसले.

“इन ल्यू ऑफ म्हणजे काय असे तू समजत होतीस?” आम्ही विचारले.

“लक्षात घेता. म्हणजे, वडिलांचे आजारपण लक्षात घेता. आमच्या कचेरीत सगळे तसेच लिहितात, काका.”

हे मात्र अगदी खरे आहे, आणि म्हणूनच हा विषय आम्ही येथे काढला. मुलीच्या बुद्धीचा यात काही दोष नाही. आम्ही स्वतः अशी पत्रे शेकड्यांनी पाहिली आहेत. ‘सणाच्या ल्यूमध्ये’ कचेरी बंद राहते, ‘पावसाच्या ल्यूमध्ये’ सभा पुढे ढकलली जाते, ‘आपल्या दूरध्वनीच्या ल्यूमध्ये’ सोबत कागदपत्रे जोडली जातात. लिहिणारास म्हणावयाचे असते ‘इन व्ह्यू ऑफ’, म्हणजे अमुक गोष्ट ध्यानात घेऊन, आणि लेखणीतून उतरते ‘इन ल्यू ऑफ’, म्हणजे अमुक गोष्टीच्या ऐवजी. दोहोंचा घाट एकच : पुढे ‘इन’, मागे ‘ऑफ’, मध्ये एक आखूड नाम, आणि त्या नामांचे यमकही जुळते. कानास दोन्ही सारखीच. त्यातही ‘ल्यू’ हा शब्द अपरिचित, म्हणून भारदस्त. आणि अर्ज लिहावयास बसलेल्या माणसास भारदस्त शब्दाचा मोह फार. इंग्रजी ही ज्यांची मायबोली आहे तेही या खड्ड्यात पडतात, हे आमच्या मंडळींच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.

आता हा ‘ल्यू’ आहे तरी कोण? हे फ्रेंच भाषेतले साधे, घरगुती नाम असून त्याचा अर्थ ‘जागा’ एवढाच आहे. लॅटिनमधील ‘लोकस’ या शब्दाचे ते फ्रेंच रूप. त्याच ‘लोकस’पासून ‘लोकल’ गाडी झाली, ‘लोकेशन’ झाले, आणि न्यायालयात ज्यास आपले म्हणणे मांडण्याची जागाच नाही त्याला ‘लोकस स्टँडाय’ नाही असे वकील म्हणतात तेही त्यातूनच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे कित्येक शतके तेथील न्यायालयांत फ्रेंच वळणाची भाषा चालली आणि तिच्यातले असंख्य शब्द इंग्रजीत कायमचे राहून गेले. ‘ल्यू’ त्यांच्यापैकीच. म्हणूनच तो आजही स्वयंपाकघरात किंवा बाजारात ऐकू येत नाही. करारनामे, कायदे आणि कचेऱ्यांची पत्रे हेच त्याचे वसतिस्थान. उच्चार कोणी ‘ल्यू’ करतात, कोणी ‘लू’, दोन्ही चालतात. ‘लीव्ह’ मात्र चालत नाही. रजेच्या अर्जात तसे वाचणारे एक गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत, त्यांस तो शब्द रजेचाच काही प्रकार वाटे.

इंग्रजीचे स्वतःचे जे देशी नाम आहे ते ‘स्टेड’. त्याचाही अर्थ जागा. ‘इन्स्टेड ऑफ’ म्हणजे ‘च्या जागी’. हा ‘स्टेड’ आणि आपला ‘स्था’ धातू यांचे मूळ एकच आहे, असे भाषाशास्त्री मानतात; म्हणजे इंग्रजाचे ‘इन्स्टेड’ आणि आपले ‘स्थानी’ हे दूरचे भाऊबंद ठरले. ‘इन ल्यू ऑफ’ आणि ‘इन्स्टेड ऑफ’ यांत अर्थाचा भेद जवळजवळ नाही. एक दरबारी पोशाखात आहे, दुसरे घरच्या धोतरात, इतकेच. साध्या पत्रात दुसऱ्याने काम भागत असता पहिल्यास बोलावणे आम्हांस तरी अनावश्यक वाटते.

‘ल्यू’चा एक नातलग मात्र आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तो म्हणजे ‘लेफ्टनंट’. ‘ल्यू’ म्हणजे जागा आणि ‘टेनंट’ म्हणजे धरणारा. वरिष्ठ हजर नसता त्याची जागा धरून ठेवणारा तो लेफ्टनंट. लिहिताना त्यात ‘फ’ कोठेच नाही. इंग्रजांनी तो उच्चारात कोठून आणला याचा निर्णय पंडितांत अद्याप लागलेला नाही. आपण त्या हुद्द्यासाठी जो ‘नायब’ शब्द वापरतो, तो अरबी असला तरी अर्थाने हुबेहूब तोच : दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. नायब राज्यपाल, नायब तहसीलदार. गगनबावड्याच्या तहसील कचेरीवरून जाताना आपण एका ‘ल्यू’वरून जात आहो हे कोणाच्या ध्यानात येत नाही, एवढेच.

आणि बावड्यात बसून ‘ल्यू’ची कथा सांगावयाची तर रामचंद्रपंत अमात्यांस वगळून कसे चालेल? बावड्याची जहागीर कोल्हापूर संस्थानात पंत अमात्यांच्या घराण्याकडे होती आणि त्या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे ‘आज्ञापत्र’ ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे ते रामचंद्र नीलकंठ. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, मोगलांचा वेढा आवळत चालला, आणि राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीस गेले. महाराष्ट्रात मागे राहिलेल्या रामचंद्रपंतांस ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन इकडचा सर्व अधिकार सोपविला गेला. जवळजवळ आठ वर्षे जिंजीत छत्रपती आणि महाराष्ट्रात त्यांच्या जागी अमात्य, अशी राज्याची रचना होती. आता पाहा, आपले दोन्ही इंग्रजी शब्दप्रयोग या एका घटनेत कसे चोख बसतात. महाराज जिंजीस गेले ते मोगलांचा वेढा ध्यानात घेऊन, म्हणजे ‘इन व्ह्यू ऑफ’. आणि पंतांनी इकडे कारभार केला तो महाराजांच्या जागी, म्हणजे ‘इन ल्यू ऑफ’. यांची अदलाबदल केली तर महाराज मोगलांच्या ऐवजी जिंजीस गेले असा अनर्थ होईल.

हे आम्ही सांगत असता दादा पलंगावरून हाताने काही खुणावीत होते. आम्ही जवळ गेलो. शब्द जुळविण्यास त्यांना बराच वेळ लागला. ते म्हणाले, “ऐवजी... लावून... बघ.”

खरोखर, आम्ही इतका वेळ फ्रेंच आणि लॅटिनमध्ये हिंडत होतो, त्याचे सार त्यांनी तीन शब्दांत सांगितले. हीच ती भाषांतराची जुनी रीत. जेथे ‘इन ल्यू ऑफ’ दिसेल तेथे मराठी ‘ऐवजी’ घालून वाक्य म्हणून पाहावे. मुलीने लगेच आपले वाक्य मोठ्याने म्हटले : “माझ्या वडिलांच्या आजारपणाऐवजी मला तात्काळ मुक्त करावे.” आणि कित्येक दिवसांनी त्या घरात हसू आले, दादाही हसले. आजारपणाऐवजी मुक्ती मिळत असती तर ती प्रथम त्यांनीच मागितली असती! मग तिने नेमणूकपत्रातले कलम त्याच रीतीने वाचले : “साठ दिवसांची नोटीस देऊन, किंवा तिच्याऐवजी वेतन देऊन.” वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. नोटीस देणाराने नोटीस दिली नाही, तर तिच्या जागी वेतन ठेवावयाचे. जो कराराबाहेर तात्काळ पडेल, त्याने. कलम उभयपक्षी होते. कंपनीने तिला एकाएकी काढले असते तर तेच वेतन कंपनीस द्यावे लागले असते. आपल्या देशाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जे २५-एफ कलम घालण्यात आले, त्यातही कामगारास कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस अथवा तिच्याऐवजी तेवढ्या मुदतीचे वेतन द्यावे असेच होते, आणि तेथेही शब्द हाच, ‘इन ल्यू ऑफ’. पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद राखली गेली. तात्पर्य, हे शब्द नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या ताटाशी येऊन बसलेले आहेत; घरातील मुलांमुलींच्या नेमणूकपत्रांत ते कोठे आहेत हे वाचकांनी एकदा पाहून घ्यावे.

‘ऐवजी’ या शब्दावरही थोडे थांबणे आम्हांस अवश्य वाटते. कारण इंग्रजी शब्दाची चूक होते आणि मराठीची होत नाही, याचे कारण तेथे सापडते. ‘ऐवज’ हा शब्दही आपला मूळचा नव्हे. अरबी-फारसीतून तो दप्तरांच्या द्वारे आला. मूळ अर्थ मोबदला, बदली वस्तू. पुढे ज्या वस्तूच्या बदल्यात काही मिळू शकते ती मौल्यवान वस्तू, म्हणजे दागदागिने व रोकड, यांस आपण ‘ऐवज’ म्हणू लागलो, आणि बदलीचा अर्थ ‘ऐवजी’ या अव्ययाकडे राहिला. पण हे परके नाम मराठीने असे पचविले की आज खेड्यातली निरक्षर बाईसुद्धा ‘साखरेऐवजी गूळ’ म्हणताना चुकत नाही. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त अशा शब्दांस शब्दयोगी अव्यये म्हटले आहे. ती नामाच्या मागे येतात, त्याच्या सामान्यरूपास चिकटतात आणि नामाशी त्यांचे एकच शरीर होते. ‘आजारपणामुळे’ आणि ‘आजारपणाऐवजी’ यांचा घोटाळा कोणाही मराठी माणसाच्या तोंडून व्हावयाचा नाही. इंग्रजीत मात्र हेच काम तीन सुटे शब्द करतात. तेही नामाच्या पुढे उभे राहून. पुढे दोन छोटी अव्यये, त्यांच्यामध्ये नाम, आणि त्या नामाचा अर्थ ठाऊक नसला तरी वाक्य कसेबसे चालते. नव्या पिढीने इंग्रजी कानाने उचलले, भाषांतराने नव्हे. त्याचे लाभ पुष्कळ आहेत, ती आमच्यापेक्षा अधिक सहज बोलते हे आम्ही मोकळेपणी कबूल करतो. परंतु ज्या शब्दाला मराठी जोडीदार लावून पाहिला नाही, त्याचा अर्थ हवेत तरंगत राहतो.

वास्तविक ‘ल्यू’ची कल्पना आपल्या घरांस नवी नाही. वहिनी मध्येच म्हणाल्या, “म्हणजे आपली सुपारीच की!” वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस हे चटकन उमगेल. धर्मकृत्यास पत्नी हजर नसली तर यजमान कमरेला सुपारी लावून बसतात. मूर्ती नसली तर तांदळावर सुपारी मांडून तिचा गणपती करतात. पूजेतला एखादा उपचार जवळ नसला तर त्याच्या जागी अक्षता वाहतात. गोप्रदान सांगितले असता गाय आणणे शक्य नसेल, तर तिच्या मूल्यादाखल जे द्रव्य देतात त्यास ‘निष्क्रय’ हे नाव आहे; नोटिशीऐवजी वेतन हा निष्क्रयाचाच प्रकार नव्हे काय? मीमांसकांनी तर यावर एक सबंध विचार करून ठेवला आहे. जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’ची चर्चा आहे : यज्ञास व्रीही म्हणजे साळी मिळाल्या नाहीत तर नीवार हे रानधान्य घ्यावे काय, आणि प्रतिनिधी कोणाचा चालतो, कोणाचा चालत नाही. द्रव्यास प्रतिनिधी चालतो. देवतेस आणि मंत्रास चालत नाही. मुलीस आम्ही म्हणालो, तुझे वाक्य का चुकले ते याच कसोटीने पाहा. प्रतिनिधी बसावयाचा तर मूळ वस्तू उठली पाहिजे. वडिलांचे आजारपण उठले नाही, त्याच्या जागी दुसरे काही बसले नाही; तर मग तेथे ‘ल्यू’ कोठून आला? ते आजारपण तेथेच आहे, आणि तुला कंपनीने त्याच्याकडे पाहावयास हवे आहे. पाहणे म्हणजे ‘व्ह्यू’. तुझा शब्द तो.

‘व्ह्यू’चेही घर थोडे गजबजलेले आहे, म्हणून दोन शब्द. ‘इन व्ह्यू ऑफ’ म्हणजे ध्यानात घेता. ते कारण सांगते. ‘विथ अ व्ह्यू टु’ म्हणजे च्या हेतूने. ते उद्देश सांगते, आणि त्याच्यापुढे क्रियापद आले तर ते ‘-इंग’ रूपात यावे लागते. ‘विथ अ व्ह्यू टु परचेस’ असे लिहिणारे पुष्कळ, ‘परचेसिंग’ पाहिजे. आणि नुसता ‘व्ह्यू ऑफ’ म्हणजे देखावा. गगनगडावरून उघडीप असता कोकणचा जो देखावा दिसतो तो त्यात मोडतो. त्या रात्री मात्र खिडकीबाहेर हातभरही दिसत नव्हते. ‘ल्यू’च्या मागे ‘फॉर’, ‘टु’, ‘विथ’ यांपैकी काहीही लावू नये. त्याचा सोबती ‘ऑफ’ एवढाच. वस्तूचे नाव आधी येऊन गेले असेल तर ‘इन ल्यू देअरऑफ’, म्हणजे ‘त्याऐवजी’, आणि कधी नुसते ‘इन ल्यू’ म्हटले तरी पुरते.

असो. कंदिलाच्या उजेडात मुलीने नवे पत्र लिहावयास घेतले. दादा वाक्य ऐकत आणि मान हलवीत. आम्ही फक्त एक प्रश्न विचारला, तुझी शिल्लक रजा किती? तिने मोबाइलमध्ये पाहून सांगितले, बावीस दिवस. तेव्हा पत्रात दोन विनंत्या आल्या आणि दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले. पहिली : वडिलांचे आजारपण ध्यानात घेऊन, ‘इन व्ह्यू ऑफ’, नोटिशीची अट शिथिल करावी. दुसरी : ते शक्य नसल्यास नोटिशीच्या दिवसांऐवजी, ‘इन ल्यू ऑफ’, शिल्लक बावीस दिवसांची रजा वळती करून घ्यावी. सोबत वैद्यांचा दाखला. पहिल्या ई-मेलमधील शब्दाची चूक तिने एका वाक्यात कबूल करून टाकली. तिला ते लिहावेसे वाटत नव्हते. दादांनी आग्रह धरला.

दुसऱ्या दिवशीही करूळचा घाट उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थोडा ओसरला आणि आम्ही निघालो. गावाबाहेर जेथे दोन घाटांच्या वाटा फुटतात, तेथे एका फळ्यावर खडूने सूचना लिहिली होती की, दरडींमुळे करूळ घाट बंद, त्याऐवजी भुईबावडा घाटाने जावे. मराठीत लिहिलेली ती सूचना आम्ही मोटारीतून पुन्हा वळून वाचली. ‘मुळे’ आणि ‘ऐवजी’. दोन्ही आपापल्या जागी.

भुईबावड्याचा घाट धुक्यात उतरून वैभववाडीस पोहोचलो. भाद्रपदात पुतणीचे पत्र आले. कंपनीने रजेचे बावीस दिवस नोटिशीच्या मुदतीत वळते करून घेतले. साठांतून बावीस वजा जाता अडतीस उरले. त्यांपैकी निम्मे माफ केले आणि एकोणीस दिवसांचे वेतन कापून बाकीचे अडकलेले पैसे व अनुभवाचा दाखला पाठविला. दादा आता आधार घेऊन ओसरीपर्यंत येतात. डाव्या हाताने लिहिण्याचा सराव त्यांनी चालविला आहे, असेही तिने कळविले होते. आणि पत्राच्या तळाशी वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांचे स्वतःचे दोन शब्द होते : ‘उजव्याऐवजी डावा.’